अपडेट झालं आणि पान विस्कटलं

ब्राउझर गुपचूप अपडेट होतो आणि दुसऱ्या दिवशी वीजबिल भरायला बसावं, तर पानाच्या मधोमध काळा चौकोन. स्क्रोल केलं की आधीच्या ओळींचे शेपटे तसेच चिकटलेले. व्हिडिओचा आवाज येतोय, चित्र मात्र हिरवंगार. लॅपटॉप दुकानात नेला की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘फॉरमॅट मारून टाकू.’ माझं म्हणणं इतकंच, की आधी काही काढू नका आणि काही पुसू नका. दोष कुठल्या सांध्यात आहे ते घरबसल्या शोधता येतं. पुष्कळदा तो ब्राउझर आणि ग्राफिक्स ड्रायव्हर यांच्या मधल्या सांध्यात निघतो.

पूर्वी पान रंगवायचं काम मुख्य प्रोसेसरच करायचा. मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ९ आणि फायरफॉक्स ४ आले आणि विंडोजवर या कामाचा मोठा वाटा ग्राफिक्स चिपकडे गेला. मे २०१९ मधल्या फायरफॉक्स ६७ पासून मोझिलाने ‘वेबरेंडर’ वापरात आणायला सुरुवात केली. ‘सर्वो’ या प्रयोगातून आलेला, रस्ट भाषेत लिहिलेला हा भाग व्हिडिओ गेमच्या धर्तीवर पान चिपकडून रंगवून घेतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात, म्हणून चिपची ही मदत मोलाची. तरीही मोझिलाने तो एकदम सगळ्यांना दिला नाही. आधी विंडोज १० आणि एनव्हिडिया कार्ड असलेल्या काही डेस्कटॉपवर, मग हळूहळू इतरांकडे.

एवढी सावधगिरी ड्रायव्हरमुळे. ब्राउझरचं म्हणणं चिपपर्यंत पोचवतो तो ड्रायव्हर, आणि त्यातली एखादी चूक वर्षानुवर्षं झोपून राहू शकते, कारण ते विशिष्ट काम त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. नवी आवृत्ती नेमकं तेच सांगते. फायरफॉक्स २०२० पासून आणि क्रोम २०२१ पासून साधारण दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढतात. लॅपटॉपमधला ड्रायव्हर मात्र पुष्कळदा खरेदीच्या दिवशी होता तोच असतो. सुताराने नवी चौकट बसवली की जुनं दार घासणारच.

पहिली परीक्षा फुकटची आहे. बिघाड दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाइलवर पाठवून तिथे बघा. त्याच पडद्यावर बघू नका, गोंधळ होईल. मोबाइलवरही काळा चौकोन दिसला, तर चित्र आतच बिघडतंय. तिथे स्वच्छ दिसलं, तर संशय पुढच्या टप्प्यावर, म्हणजे ड्रायव्हरच्या शेवटच्या हातावर, केबलवर किंवा खुद्द पडद्यावर घ्यायचा.

चित्र आतच बिघडत असेल, तर तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. तिथेही ते वेडंवाकडं दिसत असेल, तर वेबसाइटवाल्यांनी काहीतरी मोडलेलं असू शकतं, किंवा दोष दोन्ही ब्राउझर वापरतात त्या ड्रायव्हरचा असू शकतो. बिघाड एकाच साइटवर असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. कॅशेतल्या जुन्या फायली बाजूला ठेवून पान नव्याने येतं.

फायरफॉक्समध्ये ‘ट्रबलशूट मोड’ आहे. शिफ्ट दाबून ठेवून ब्राउझर सुरू केला की तो विचारतो. यात एक गोम आहे. हा मोड एक्स्टेन्शन, थीम आणि हार्डवेअर ॲक्सलरेशन (म्हणजे रंगवण्याचं काम चिपकडे देण्याची सोय) हे सगळं एकदमच बंद करतो. त्यामुळे पान सुधारलं तरी गुन्हेगार कोण ते कळत नाही. मग नेहमीच्या मोडमध्ये येऊन आधी एक्स्टेन्शन बंद करून बघायची. पानं काळी करणारी आणि जाहिराती अडवणारी यांच्यावर माझा पहिला संशय असतो. त्यांनी फरक पडला नाही तर सेटिंग्जमधल्या ‘परफॉर्मन्स’खालचं हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद करायचं. क्रोममध्ये हे बटण ‘सिस्टिम’खाली आहे. नुसती टॅब बंद करून भागत नाही, अख्खा ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

याने पान सुधारलं, तर ड्रायव्हरकडे वळा. विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर ‘सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच आहे’ असं छातीठोकपणे सांगतो. त्याचा अर्थ एवढाच, की त्याला याहून चांगला सापडला नाही. लॅपटॉप कंपनीच्या किंवा चिप कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन बघा.

ब्राउझर काढून पुन्हा टाकणं हा लोकांचा आवडता उपाय, आणि बहुतेकदा तो वाया जातो. बुकमार्क, एक्स्टेन्शन, सेटिंग्ज हे सगळं प्रोफाइल नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतं आणि ब्राउझर काढला तरी ते सहसा जागेवरच राहतं. दोष तिथे असेल तर नव्या ब्राउझरलाही तोच मिळतो. त्यापेक्षा तात्पुरतं नवं प्रोफाइल करून बघावं. जुन्या आवृत्तीवर परतणंही सोपं नाही. नव्याने वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीला उघडू न देण्याची सोय फायरफॉक्समध्ये ६७ पासूनच आहे. माहिती खराब होऊ नये म्हणून ती केली आहे, आणि ती योग्यच आहे.

मराठी अक्षरांचं दुखणं वेगळं, त्याचा चिपशी सहसा संबंध नसतो. फायरफॉक्समध्ये अक्षराऐवजी चौकट आणि तिच्यात ०९१५ असे बारीक आकडे दिसले, तर ‘क’ दाखवणारा फॉन्टच सापडलेला नाही. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट ऑप्शनल फीचर्समध्ये गेला. त्यामुळे मंगल मागणारी जुनी पानं निर्मला फॉन्टमध्ये दिसतात, ओळी खालीवर होतात आणि शिव्या ब्राउझरला पडतात. देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स टाकले की काम होतं. फायरफॉक्सच्या फॉन्ट सेटिंगमध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्टही निवडता येतो.

एवढं करूनही दोष उरला तर कळवावा. फायरफॉक्सच्या ‘हेल्प’ मेनूतल्या ट्रबलशूटिंगच्या पानावर ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख असा सगळा तपशील एका बटणाने कॉपी होतो. बग नोंदवताना तो जोडला नाही, तर तक्रार नुसतीच पडून राहायची शक्यता जास्त. ‘मोझरिग्रेशन’ हे साधन फायरफॉक्सचे जुने बिल्ड, म्हणजे आधीच्या तयार प्रती, एकामागून एक उतरवून देतं आणि त्यात दोष दिसतो की नाही हे आपण सांगितलं की दर वेळी उरलेल्यांपैकी निम्मे बाद करतं. साठ बिल्ड असले तरी सहा फेऱ्यांत दोषी बिल्ड हाती लागतो. विकासकांना दोष ड्रायव्हरचाच आहे असं दिसलं, तर ते त्याची आवृत्ती ब्लॉकलिस्टमध्ये टाकतात. मग तेवढ्या मशीनवर ते काम चिपकडे जात नाही.

तोवर हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद ठेवायला हरकत नाही, फक्त व्हिडिओ बघताना पंखा जोरात फिरेल आणि बॅटरी लवकर उतरेल. नवा ड्रायव्हर आला किंवा ब्राउझरची पुढची आवृत्ती आली की ते बटण पुन्हा चालू करून बघा.