शिबिरात आलेलं मूल कोणाच्या जबाबदारीचं?

नवी मुंबईत नेरूळपासून खारघर-कामोठेपर्यंत विद्यापीठांची आणि मोठ्या शिक्षणसंस्थांची आवारं पसरली आहेत. शाळांना सुट्टी लागली की अशा आवारांत शाळकरी मुलं दिसू लागतात. कोणी रोबोटिक्सच्या शिबिराला आलेलं असतं, कोणी क्रिकेटच्या, कोणी डिझाइनच्या कार्यशाळेला. त्यांचं नाव विद्यापीठाच्या पटावर नसतं आणि शाळेचं फाटक तर बंदच असतं. मग त्या आठवड्यापुरतं हे मूल कोणाच्या जबाबदारीचं? फी भरताना हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पुढचे गैरसमज वाढतात ते याच मोकळ्या जागेत.

‘कॉलेजात काय, सगळे मोठेच असतात.’ नसतात. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू असलेला पोक्सो कायदा अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या प्रत्येकाला मूल मानतो, मग तो मुलगा असो वा मुलगी. ‘त्याची संमती होती’ हा बचाव इथे चालत नाही. बारावी होऊन सतराव्या वर्षीच प्रथम वर्षाला आलेली मुलं कमी नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेची (एनएसएस) तुकडी सात दिवसांच्या निवासी शिबिरासाठी दत्तक गावात जाते, तेव्हा त्यातही अशी मुलं असू शकतात. हजेरीपत्रकात जन्मतारखेचा रकाना वाढवायला फारसं काही लागत नाही; तो भरला की को-ऑर्डिनेटरलाच धक्का बसतो.

‘धोका मुलींना.’ केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अभ्यासात तेरा राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलणं झालं होतं. कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचं लैंगिक शोषण झाल्याचं 53.22 टक्के मुलांनी सांगितलं, आणि त्यांच्यात मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. मुलींच्या होस्टेलला कडक रेक्टर आणि मुलांना मोकळं रान, ही आपली जुनी व्यवस्था या आकड्यासमोर टिकत नाही.

‘आमच्याकडे आयसीसी आहे की!’ अंतर्गत तक्रार समिती हवीच, पण ती उभी आहे कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यावर आणि यूजीसीच्या 2015 च्या विनियमांवर. त्यांचा सगळा विचार महिला कर्मचारी आणि विद्यार्थी यांचा आहे. दुसऱ्या कॉलेजातून कार्यक्रमाला आलेला विद्यार्थीही त्यांत धरला आहे. आठवडाभरासाठी आलेला नववीतला मुलगा मात्र त्यांतल्या ‘विद्यार्थी’ या व्याख्येत बसतो की नाही, यावर वकील खुशाल वाद घालोत. अठराखालच्या मुलाच्या बाबतीत समितीची चौकशी पोलिसांना कळवण्याची जागा घेऊच शकत नाही.

सगळ्यात चिवट गैरसमज इथूनच सुरू होतो: ‘आधी आपण आपापसात चौकशी करू, तथ्य निघालं तर पोलिसांकडे जाऊ, उगाच संस्थेचं नाव खराब नको.’ पोक्सोच्या कलम 19 मध्ये या ‘आधी’ला जागाच नाही. गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवणारा संस्थाप्रमुख असेल, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण यासाठी लक्षात ठेवावं. माहिती असून कळवलं नाही, असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी उच्च न्यायालयाचा तो आदेशच रद्द केला. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणातही ऑगस्ट 2024 मध्ये संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला. तक्रार पुढे सिद्ध झाली नाही तर आपण अडकू, ही भीतीही बिनबुडाची आहे. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला त्याच कलमात संरक्षण आहे.

पालकांकडून सही करून घेतलेल्या ‘काही झाल्यास संस्था जबाबदार नाही’ या हमीपत्राबद्दल फार बोलायला नको. फौजदारी गुन्ह्याची जबाबदारी अशा कागदाने टळत नाही.

‘पोलीस व्हेरिफिकेशन झालंय, आता निर्धास्त.’ ते करायलाच हवं. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना, अगदी क्रीडा अकादमींनाही, पोक्सोच्या 2020 च्या नियमांनी ते ठरावीक काळाने करायला लावलं आहे, आणि कंत्राटी कर्मचारीही त्यात आले. मात्र नियमाची भाषा कर्मचाऱ्यांची आहे. शिबिरात मुलांबरोबर सगळ्यात जास्त वेळ असतात ते एकोणीस-वीस वर्षांचे व्हॉलंटिअर. त्यांना व्हेरिफिकेशन नाही आणि बहुतेकदा प्रशिक्षणही नाही. शिवाय व्हेरिफिकेशनमध्ये दिसतो तो फक्त नोंदलेला गुन्हा. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचा माजी फुटबॉल प्रशिक्षक जेरी सँडस्की 2012 मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाच्या 45 आरोपांत दोषी ठरला, पण तोवर त्याच्या नावावर एकही शिक्षा नव्हती. त्याच्याविरुद्धची एक तक्रार विद्यापीठात वरपर्यंत गेली होती, पण ती पोलिसांपर्यंत पोहोचली नाही.

आपल्याकडेही धोका फाटकाबाहेरून येतोच असं नाही. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 30 ऑक्टोबर 2022 रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्याच स्पर्धेच्या तयारीसाठी आपला संघ युरोपात असताना सहायक प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला आणि त्याच वर्षी जुलैत भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला काढलं. तिथे धोक्याचा आरोप झाला तो संघाबरोबर अधिकृतपणे गेलेल्या माणसावरच.

म्हणून पालकांनी फीच्या पावतीबरोबर विचारावं: रात्री मजल्यावर कोण असतं? मोठा माणूस मुलाला एकट्याने खोलीत किंवा गाडीत घेऊ शकतो का? व्हॉलंटिअर मुलांना व्यक्तिगत व्हॉट्सॲप करतात, की दुसरा मोठा असलेल्या ग्रुपवरच बोलतात? नाव आणि शाळेसकट फोटो इन्स्टाग्रामवर जातात का? उत्तर देताना को-ऑर्डिनेटर चाचरला, तर तेही उत्तरच.

आणखी एक खास इथला घोळ. नेरूळ ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे रायगडमध्ये. मग तक्रार कुठे? पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं एकच आहे, आणि तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्याने नोंदवून घ्यायची असते. चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवणं पोलिसांचं काम आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. नुसतं विचारायचं असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. तो फोन मूल स्वतःही करू शकतं.