शस्त्रक्रियागृहातील सेवकांची काळजी

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी ५ वाजता देशभर टाळ्या व थाळ्या वाजवून डॉक्टर-परिचारिकांचे आभार मानले गेले. महिनाभरातच, २२ एप्रिल रोजी, आरोग्यसेवकांवर हल्ले करणाऱ्यांना कठोर शिक्षा देणाऱ्या अध्यादेशास केंद्र सरकारला मंजुरी द्यावी लागली. कौतुक वेगळे आणि काळजी वेगळी, हे त्या महिन्याने दाखवून दिले. शस्त्रक्रियागृहातील सेवकांच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो; म्हणून त्यांच्याविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

कोविडचा विषाणू श्वसनमार्गातून पसरतो. श्वासनलिकेत नळी घालताना भूलतज्ज्ञाचा चेहरा रुग्णाच्या तोंडाच्या अगदी जवळ असतो. शिवाय, जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून शस्त्रक्रियागृहातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक ठेवतात. साथीत हीच व्यवस्था धोक्याची ठरू शकत होती. कारण आतली हवा बाहेर ढकलली जाते. म्हणून काही रुग्णालयांनी कोविड रुग्णांसाठी कमी दाबाची वेगळी शस्त्रक्रियागृहे सिद्ध केली.

पीपीई पोशाख एकदा चढविला की तो उतरेपर्यंत पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. चष्म्यावर वाफ धरते, दुहेरी हातमोज्यांत बोटांची जाणीव मंदावते, मास्कमधून शब्द अस्पष्ट ऐकू येतात. जेथे एका शब्दासरशी योग्य उपकरण हाती पडावे लागते, तेथे हा ताण किती असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

दुसरे ओझे मनाचे. साथीच्या ऐन भरातील १२ आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८० लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील वा लांबणीवर पडतील, असा अंदाज संशोधकांनी २०२० मध्ये वर्तविला होता. दुखणे वाढत असलेल्या रुग्णाला ‘थांबा’ असे सांगण्याची वेळ शल्यविशारदांवर आली. अनेकांना अतिदक्षता विभागात पाठविण्यात आले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ म्हणजेच म्युकरमायकोसिस फैलावला आणि थकलेल्या हातांना रुग्णांचे जबडे, प्रसंगी डोळेही, जीव वाचविण्यासाठी काढावे लागले.

अशा वेळी उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी: लहान पाळ्या, पोशाख उतरविताना चूक होऊ नये म्हणून लक्ष ठेवणारा सहकारी, वेळेवर जेवण, निवासाची सोय आणि रुग्ण दगावल्यावर मन मोकळे करण्यास जागा. विश्रांती मागणे हा दुबळेपणा समजला जाऊ नये. थकलेल्या हाताची चूक शेवटी रुग्णालाच भोवते.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तथापि पुढची साथ सांगून येणार नाही. आपल्या अनेक कुटुंबांत परिचारिका आहेत. रात्रपाळी करून आलेल्या लेकीला वा सुनेला दिवसा निवांत झोप मिळावी, घरकामाचा भार इतरांनी उचलावा, शेजाऱ्यांनी तिच्याकडे संशयाने पाहू नये, एवढे तरी आपण आजपासून करू शकतो.