परतणाऱ्या लाटेचा हिशेब

हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे ‘हॅम’ मंडळींच्या, टेबलावर एक लहानसा मीटर असतो. प्रक्षेपकातून ॲन्टेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत आली, हे तो सांगतो. काटा ‘एकास एक’वर टेकला की हॅमचा जीव भांड्यात पडतो, दीडवर चढला की गच्चीवर चढउतार सुरू होते. या काट्याची जेवढी भक्ती चालते, तेवढी त्याची योग्यता नाही. का, ते समजायला केबलपासून सुरुवात करावी लागते.

कोॲक्सिअल केबल सर्वांच्या पाहण्यातली आहे. घरात टीव्हीसाठी येते तीच जात: मधोमध तांब्याची तार, भोवती प्लॅस्टिकचा थर, त्यावर धातूची जाळी, वरून काळे वेष्टन. टीव्हीची केबल ७५ ओहमची, हॅमची बहुधा ५० ओहमची. हे ओहम साध्या मीटरने मोजायला गेलात तर सापडणार नाहीत, आणि केबल अर्धी कापली तरी ५० चे २५ होणार नाहीत. तारेतून धावणाऱ्या लाटेतील व्होल्टेज आणि प्रवाह यांचे ते गुणोत्तर आहे. तार व जाळी यांच्या व्यासांवर आणि मधल्या प्लॅस्टिकवर ते ठरते. त्याला इम्पीडन्स, मराठीत संरोध, म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ साली रूढ केला. त्याआधी, १८८० मध्ये, कोॲक्सिअल केबलचे पेटंटही त्यांनीच घेतले होते.

पन्नासच का? आत हवा असलेल्या केबलमध्ये सर्वांत कमी घट ७७ ओहमच्या आसपास होते, तर सर्वांत जास्त शक्ती ३० ओहमची केबल पेलते. पन्नास ही मधली तडजोड. आत भरीव पॉलिथिलीन घातले तर कमीत कमी घटीचा आकडाही ५० च्या जवळ सरकतो.

आता एक जाड दोर बारीक दोराला गाठ मारून जोडा आणि जाड टोकाला झटका द्या. लाट गाठीपाशी येते, थोडी पुढे जाते, थोडी मागे फिरते. केबल आणि ॲन्टेना यांच्या सांध्यावर हेच घडते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर लांबीचा साधा डायपोल मोकळ्या अवकाशात ७३ ओहमचा असतो. ५० ओहमच्या केबलला तो जोडला की काटा दीडच्या किंचित खाली थांबतो आणि सांध्यावरून परत फिरणारी शक्ती भरते जेमतेम साडेतीन टक्के. शिवाय ७३ हा आकडा स्थिर नाही. जमिनीपासून तरंगलांबीच्या एक दशांश उंचीवर तो बराच खाली येतो, एक तृतीयांशाच्या सुमारास शंभराकडे जातो. डायपोलची दोन्ही टोके खाली ओढून उलटा ‘व्ही’ केला तर तो पन्नासाजवळ येतो. चाळीच्या गच्चीवर जागा पुरत नाही म्हणून केलेली ही सोय अशी दुहेरी कामाची ठरते.

पण परतलेली शक्ती वाया गेली असे समजणे हीच मूळ गफलत. प्रक्षेपकाशेजारी ट्यूनर जुळवलेला असेल, तर परतलेली लाट तिथून पुन्हा वर पाठवली जाते. तिचे खरे नुकसान होते ते केबलमधल्या जादा फेऱ्यांत. ३० मीटर जाड, चांगल्या केबलचा हिशेब ७ मेगाहर्ट्झवर मांडू. सांधा नेमका जुळलेला असेल, तर १०० वॉटपैकी सुमारे ८९ ॲन्टेनाला पोचतात. काटा ‘तीनास एक’ असला, म्हणजे प्रत्येक भेटीत पाव शक्ती मागे फिरत असली, तरी ८३ पोचतात. ऐकणाऱ्याला हा फरक कळणारही नाही. अमेरिकेतील वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९७३ पासून ‘क्यूएसटी’ मासिकातील लेखमालेत हेच सविस्तर पटवून दिले.

ट्यूनर खाली असला की केबलमधील लाटांत काही बदलत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तो फक्त प्रक्षेपकाची समजूत घालतो. अर्थात ती घालावी लागतेच: ट्रान्झिस्टरचे आजचे संच विसंगती फार दिसली की स्वतःच्या बचावासाठी शक्ती कमी करतात. जुन्या व्हॉल्व्हच्या संचांत जुळवणीची सोय आतच असे.

केबल मात्र खराब असेल, तर काट्यासारखा लबाड साक्षीदार नाही. त्याच ३० मीटरसाठी बारीक आरजी-५८ घ्या आणि १४५ मेगाहर्ट्झवर बोला. वर जाताना १०० पैकी २५ वॉटच उरतात. ॲन्टेना ‘तीनास एक’ असेल तर त्यातले सहा परत फिरतात आणि खाली येईतो दीड वॉट उरतो. मीटर समाधानाने १.३ दाखवतो. ॲन्टेनातून बाहेर पडतात १९ वॉट. बाकीच्यांनी केबल कोमट केली.

केबलची परीक्षा सोपी आहे. ॲन्टेना सोडवा, वरचे टोक मोकळे ठेवा आणि खालून ॲन्टेना ॲनालायझरने मोजा. प्रक्षेपक पूर्ण शक्तीने चालवू नका. मोकळ्या टोकावरून सगळी लाट परतते, म्हणून चांगल्या केबलवर आकडा खूप मोठा यायला हवा. वर सांगितलेल्या आरजी-५८वर, दुसऱ्या टोकाला काहीही जोडलेले नसताना, तो १.७ च्या आसपास येतो.