नकाराचे मत : अमेरिकेतील मतदारांचा असंतोष आणि द्विपक्षपद्धती

१९५८ साली अमेरिकेतील एका राष्ट्रीय निवडणूक-पाहणीत नागरिकांना प्रथमच असे विचारण्यात आले की, वॉशिंग्टन येथील शासन सर्वदा अथवा बहुधा योग्य तेच करील, असा भरवसा तुम्हांस वाटतो काय? त्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी होकारार्थी उत्तर दिले. १९६४ साली हे प्रमाण ७७ टक्क्यांपर्यंत चढले. पुढे व्हिएतनामचे युद्ध आणि वॉटरगेट प्रकरण यांमुळे ते झपाट्याने घसरून १९७४ पर्यंत निम्म्याहूनही कमी झाले. २००१ सालच्या सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर काही काळ निम्म्याहून अधिक लोक पुन्हा भरवसा व्यक्त करू लागले. पण ही भरती टिकली नाही. २०२३ साली केवळ १६ टक्के लोकांनी असा भरवसा दर्शविला.

शासनाविषयीच्या या अविश्वासाला पक्षांविषयीच्या नापसंतीची जोड मिळाली आहे. डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन या दोन्ही पक्षांविषयी प्रतिकूल मत असणारे लोक १९९४ साली शेकडा ६ होते. २०२३ साली ते शेकडा २८ झाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका लोकमत-चाचणीत ६३ टक्के लोकांनी तिसऱ्या मोठ्या पक्षाची आवश्यकता प्रतिपादन केली. असे असूनही २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे ९८ टक्के मते याच दोन पक्षांच्या उमेदवारांना पडली. ज्यांचा वीट आला आहे त्यांनाच लोक मते देतात, ही विसंगती कशी उलगडावयाची, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करताना ‘असंतोष’ आणि ‘उदासीनता’ या दोन कल्पनांची गल्लत होऊ देता कामा नये. उदासीन मनुष्य घरी बसतो. असंतुष्ट मनुष्य बसेलच असे नाही. २०२० साली मतदानास पात्र असणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी मतदान केले. १९०० सालानंतरच्या कोणत्याही अध्यक्षीय निवडणुकीत इतके मतदान झाले नव्हते. तद्वतच ‘अपक्ष’ या शब्दानेही फसगत होण्याचा संभव आहे. २०२३ साली ४३ टक्के लोकांनी आपणांस अपक्ष म्हणवून घेतले. परंतु अशा लोकांना अधिक खोदून विचारले असता त्यांतील बहुसंख्यांचा कल दोहोंपैकी एका पक्षाकडे आढळतो. त्यांनी पक्षाचे नाव टाकले, पण पक्षाची बाजू टाकली नाही, असेच म्हणावे लागते.

ही बाजू त्यांना धरून ठेवते ती प्रायः प्रेमामुळे नव्हे, तर प्रतिपक्षाच्या भयामुळे. १९९४ साली प्रतिपक्षाविषयी अत्यंत प्रतिकूल मत असणारे लोक दोन्ही पक्षांत सुमारे एक-पंचमांश होते. २०२२ साली हे प्रमाण रिपब्लिकनांत ६२ टक्के आणि डेमोक्रॅटांत ५४ टक्के झाले. राज्यशास्त्रज्ञ या प्रवृत्तीस नकारात्मक पक्षनिष्ठा असे म्हणतात. आपला पक्ष आवडत नसला तरी दुसरा सत्तेवर येऊ नये, एवढ्यासाठी त्याला मत द्यावयाचे, हे तिचे स्वरूप होय.

या प्रवृत्तीस बळ मिळते ते निवडणूक-पद्धतीमुळे. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडावयाचा आणि सर्वाधिक मते मिळविणाऱ्यास विजयी ठरवावयाचे, या पद्धतीचा ओढा दोनच पक्षांकडे असतो, हा सिद्धान्त फ्रेंच विद्वान मोरिस दुव्हर्जे यांनी १९५१ साली मांडला. अमेरिकेत याखेरीज निर्वाचक मंडळाची व्यवस्था आहे. दोन राज्ये वगळता प्रत्येक घटक राज्याची सर्व निर्वाचक मते तेथील आघाडीच्या उमेदवारालाच मिळतात. याचा परिणाम १९९२ साली दिसून आला. रॉस पेरो यांना त्या वर्षी जवळजवळ १९ टक्के लोकांची मते पडली. निर्वाचक मत मात्र एकही मिळाले नाही. १९१२ साली रिपब्लिकन पक्षातून फुटलेले माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी २७ टक्के मते घेतली. त्यामुळे रिपब्लिकन मते दुभंगली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन ४२ टक्क्यांहून कमी मतांवर निवडून आले. २००० साली फ्लॉरिडातील निर्णय ५३७ मतांनी लागला, आणि त्याच राज्यात राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मते पडली होती. तिसऱ्यास दिलेले मत नावडत्यांतल्या अधिक नावडत्याच्या पथ्यावर पडते, हा धडा अमेरिकन मतदाराने अशा अनुभवांतून घेतला आहे.

मग असंतोष जातो कोठे? त्याच्या मुख्य वाटा दोन आहेत. पहिली वाट पक्षाच्या आत शिरण्याची. १८९२ साली ओमाहा येथे भरलेल्या पीपल्स पार्टीच्या अधिवेशनाने चढत्या दराचा आयकर आणि सिनेट-सदस्यांची थेट निवडणूक यांची मागणी केली. चार वर्षांतच त्या पक्षाने डेमोक्रॅटिक उमेदवाराला आपला पाठिंबा दिला आणि त्याचे स्वतंत्र अस्तित्व क्षीण होत गेले. पण आयकर व थेट निवडणूक यांविषयीच्या घटनादुरुस्त्या १९१३ साली संमत झाल्या. पुढे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडावा यासाठी प्राथमिक निवडणुकांची प्रथा रुजली आणि ही वाट अधिकच रुंद झाली. २०१६ साली डोनाल्ड ट्रंप आणि बर्नी सँडर्स या दोघांनीही प्रस्थापितांविरुद्धच्या रोषाला वाचा फोडली. पण दोघांनीही नवा पक्ष न काढता जुन्याच पक्षांचे दार ठोठावले.

दुसरी वाट सत्ताधाऱ्यांना पालटण्याची. २०१६, २०२० आणि २०२४ या लागोपाठच्या तिन्ही निवडणुकांत अध्यक्षपद सत्तारूढ पक्षाच्या हातून गेले. प्रतिनिधिगृहाच्या बाबतीत मात्र हा रोष बोथट होतो. १९७० च्या दशकात रिचर्ड फेनो या अभ्यासकाने दाखवून दिले की, लोक काँग्रेसला नावे ठेवतात, परंतु आपल्या मतदारसंघाच्या सदस्यावर त्यांचा लोभ असतो. म्हणूनच पुन्हा उभे राहणाऱ्या सदस्यांपैकी बहुतेक सर्व निवडून येतात. ‘सगळे वाईट, आमचा तेवढा बरा’ ही भावना संस्थेच्या सुधारणेस उपकारक ठरत नाही.

येथे मूळ अडचण ध्यानात येते. मतपत्रिकेवर ‘हा नको’ असे लिहिण्यास जागा नसते. ‘तो हवा’ एवढेच म्हणता येते. २०१६ सालच्या मतदानोत्तर पाहणीत सुमारे १८ टक्के मतदारांना ट्रंप व हिलरी क्लिंटन हे दोघेही नापसंत होते. तरीही त्यांतील अधिक मते ट्रंप यांच्याकडे गेली. मोजणीत ती भक्तांच्या मतांहून निराळी दिसत नाहीत. नकाराचे मत होकाराच्या रकान्यात जमा होते आणि विजयी पक्ष सर्व बेरजेस जनादेश मानतो. २०२४ साली ट्रंप यांनी विजयाच्या रात्री आपणांस अभूतपूर्व जनादेश लाभल्याचे सांगितले. त्यांच्या वाट्याला आलेली मते ५० टक्क्यांहून किंचित कमीच होती. या दोषापासून दुसरा पक्षही मुक्त नाही. ज्याने केवळ नकार दिला, त्याच्या नावावर मोठमोठे कार्यक्रम राबविले जातात, तो पुन्हा नाराज होतो, आणि पुढच्या निवडणुकीत हेच चक्र उलट दिशेने फिरते.

नकाराला स्वतंत्र जागा देण्याचा प्रयत्न नेव्हाडा राज्याने १९७५ साली केला. तेथे राज्यव्यापी पदांच्या मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय असतो; मात्र त्यास सर्वाधिक मते पडली तरी पद मिळते ते सर्वांत पुढे असलेल्या उमेदवारालाच. भारतीय मतदाराला २०१३ पासून परिचित असलेला पर्याय बराचसा याच जातीचा आहे. २०२४ च्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत नेव्हाडातील या पर्यायाने निकी हेली यांच्यावर मात केली. परंतु त्या मतपत्रिकेवर ट्रंप यांचे नाव नव्हते. अर्थात येथील पुष्कळसा नकार हा वस्तुतः अनुपस्थित उमेदवारासाठी दिलेला होकार होता. नुसत्या नकाराचा अर्थ लावणे हेही किती कठीण असते, हे यावरून कळून येईल.

दुसरा उपाय पसंतिक्रमाचा. मेन राज्याने २०१६ साली आणि अलास्काने २०२० साली तो सार्वमताने स्वीकारला. यात पहिली पसंती तिसऱ्या उमेदवारास देऊनही मत वाया जात नाही. तो बाद झाल्यास ते दुसऱ्या पसंतीकडे वळते. तथापि नेव्हाडाच्या मतदारांनी २०२२ साली अशाच प्रस्तावास अनुकूल कौल देऊन २०२४ साली तोच प्रस्ताव फेटाळला. अलास्कात त्याच वर्षी ही पद्धती रद्द होता होता हजाराहून कमी मतांनी वाचली. पक्षांवर रुष्ट असलेले लोक पद्धती बदलण्यास राजी असतातच असे नाही.

तात्पर्य, अमेरिकेतील मतदार मुका नाही आणि निष्क्रियही नाही. तो आवर्जून मतदान करतो. परंतु त्याला जे म्हणावयाचे असते ते मोजण्याचे साधन त्या पद्धतीत अपुरे आहे. सरकारे बदलत असूनही असंतोष ओसरत नाही, याचे एक प्रमुख कारण हे आहे. विजयी पक्षांनी आपल्या बेरजेत नकाराचा वाटा किती आहे, हे ओळखून पावले टाकली, तर पद्धती न बदलताही काही अंशी सुधारणा संभवते. आजवरचा इतिहास पाहता मात्र, विजयाच्या क्षणी एवढा संयम फार थोड्यांना साधला आहे.