जुन्या फोर बाय फोर जीपला फ्री-व्हील हब बसवताय? आधी हे वाचा

आपल्याकडे जुन्या फोर बाय फोर जीप अजूनही शेतात, घाटात पळतात. यातल्या बऱ्याच गाड्यांत पुढची चाकं अ‍ॅक्सलला कायमची जोडलेली असतात. त्यामुळे लिव्हर टू-व्हीलवर असला तरी चाकांबरोबर पुढचा अ‍ॅक्सल, डिफरन्शियल, जॉइंट शाफ्ट सगळं उगाच फिरत राहतं. क्रॉस झिजतात, आवाज येतो, थोडं डिझेलही जास्त जातं.

यावर उपाय म्हणजे हाताने फिरवायचे हब. चाकाच्या मधोमध नॉब असतो. ‘फ्री’ केला की चाक एकटं फिरतं, ‘लॉक’ केला की अ‍ॅक्सलला जोडलं जातं. विकत घेताना शाफ्टच्या टोकाचे दाते मोजूनच घ्या, नाहीतर हब बसणार नाही.

आता महत्त्वाचं. हब फ्री असताना गाडी रुतली, तर लिव्हर फोरवर टाकूनही पुढची चाकं ओढत नाहीत. रात्री पेशंट गाडीत असेल, तर चिखलात हात घालून नॉब शोधत बसायचं का? म्हणून पाणंदीला लागण्याआधीच, कोरड्या जागी गाडी थांबवून दोन्ही हब लॉक करा. एकच केला तर ताकद मोकळ्या बाजूने निसटते. हब लॉक ठेवून टू-व्हीलवर गाडी चालवली तर काही बिघडत नाही. कोरड्या डांबरीवर फोर-व्हील मात्र टाकू नका.

उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा हब लॉक करून चार-पाच किलोमीटर गाडी फिरवा. पुढच्या डिफरन्शियलला ऑइल लागतं आणि नॉबही जाम होत नाही.