प्रवेशाचे दार आणि तिथवरची वाट

तिरुवल्लिकेणीत, पार्थसारथी मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत ‘मॅन्शन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या निवासी इमारती आजही दिसतात. शिक्षण वा नोकरीसाठी गावाकडून आलेले तरुण तेथे खोली भाड्याने घेऊन राहतात. संधीच्या समानतेची चर्चा निघाली की मला न्यायालयाआधी हा परिसर आठवतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डॉ. सी. नटेश मुदलियार यांनी येथेच ‘द्रविडियन होम’ हे ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालविले. महाविद्यालयात प्रवेश मिळूनही अशा विद्यार्थ्यांना शहरात राहण्याजेवण्याची सोय जातीमुळे नाकारली जात असे. राजर्षी शाहू महाराजांनीही २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात नोकऱ्यांतील रिक्त जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, आणि सोबत निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली. जागा आणि आसरा यांची सांगड त्यांनी ओळखली होती.

पुढे मद्रास प्रांताने दर १४ जागांची समाजनिहाय वाटणी केली. त्यांपैकी ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, तर २ ब्राह्मणांना होत्या. वैद्यकीय शिक्षणाची इच्छा असलेल्या चंपकम दोराइराजन यांनी या आदेशाला आव्हान दिले. ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. त्याच वर्षीच्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५(४) आला. ‘माझ्या जन्मामुळे माझी वाट का अडावी?’ हा या खटल्यामागचा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. पण निवारा नाकारल्या गेलेल्या विद्यार्थ्याचाही प्रश्न नेमका तोच होता. न्यायालयापर्यंत मात्र एकच पोहोचला.

अमेरिकेची कोंडी याहून फार वेगळी नाही. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांचे वंशाचा विचार करणारे प्रवेश अवैध ठरविले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना अनेक खासगी विद्यापीठांत मिळणारे झुकते माप हा त्या खटल्याचा विषय नव्हता. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. त्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा संपन्न राहते. ही विषमता संघराज्याच्या घटनेचा भंग करीत नाही, असा निर्णय १९७३ मध्येच पाच विरुद्ध चार मतांनी झाला होता. म्हणजे दारापाशी समानता कसोशीने तपासली जाते. तिथवरच्या वाटेकडे काणाडोळा होतो.

या दृष्टीने तमिळनाडूचा २०२०चा कायदा मला महत्त्वाचा वाटतो. सहावीपासून बारावीपर्यंत सरकारी शाळेत शिकून ‘नीट’ उत्तीर्ण झालेल्यांना त्याने वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा दिल्या. यात गुणांबरोबर ते कोठून मिळविले याचाही विचार आहे. अर्थात त्याने सरकारी शाळा सुधारत नाहीत. ते काम सरकारने टाळले, तर हा कायदा निव्वळ भरपाई ठरेल.

महाराष्ट्रातही आरक्षणाचा वाद टक्केवारीभोवतीच फिरतो. टक्केवारी आवश्यक आहे, पण ती अपुरी आहे. पुण्यामुंबईत प्रवेश मिळालेली खेड्यातली मुलगी पहिल्या रात्री कोठे उतरणार आणि महिनाभर काय खाणार, याचे उत्तर शासनाने प्रवेशाच्या यादीबरोबरच द्यायला हवे. तिरुवल्लिकेणी आणि कोल्हापूर यांनी शंभर वर्षांपूर्वी ते दिले होते.