नेरहाचा मुक्काम

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा लसीकरण किंवा बालदमा यांपैकी एखादा विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर आपण वर्षभर एकमेकांना पुष्कळ ऐकवत असतो. म्हणून आज थोडे निराळे लिहिते आहे. परगावी, त्यातही परदेशी समुद्रकाठच्या लहानशा गावी मुक्कामाची जागा कशी निवडावी, याविषयी हे चार शब्द आहेत. या निवडीत मी सपशेल चुकले होते. त्या चुकीने जे शिकवले, ते इंदूरला परतल्यावरही माझ्या कामी आले.

२०२३च्या मे महिन्यात आम्ही स्पेनला गेलो. आम्ही म्हणजे मी, माझे पती (तेही आपल्याच व्यवसायातले, भूलतज्ज्ञ), ८१ वर्षांच्या सासूबाई, आणि जर्मनीहून येऊन मिळालेले मुलगी, जावई व दोन वर्षांचा नातू. सासूबाईंचे सारे आयुष्य माळव्यात गेले. महेश्वरच्या घाटावर नर्मदेत पाय सोडून बसणे हा त्यांचा जन्मभराचा आनंद. समुद्र मात्र त्यांनी मुंबईला आणि रामेश्वरला, तोही घाईगर्दीत पाहिलेला. मामंजी गेल्यानंतर त्या फारशा कुठे जात नसत. "पणतू येणार असेल तर येते. पण मला रोज समुद्राच्या काठी बसता आले पाहिजे," एवढी एकच अट त्यांनी घातली.

गाव ठरले नेरहा. लिहिताना त्यात रोमन 'जे' असला तरी उच्चार असा 'ह'कडे झुकणारा. स्पेनच्या दक्षिणेला मालागा प्रांतात, भूमध्य समुद्राच्या काठावर हे गाव आहे. मालागाच्या विमानतळापासून ते सुमारे ७० किलोमीटर. रेल्वे नाही, बस किंवा मोटार. पाठीशी आल्मिहारा पर्वताची रांग आणि पुढे थेट समुद्र. गावाच्या मध्यभागी समुद्रात घुसलेला एक कडा आहे, त्याला 'बाल्कोन दे एउरोपा' म्हणजे युरोपचा सज्जा म्हणतात. एके काळी तिथे किल्ला होता. १८८४च्या डिसेंबरात या भागात मोठा भूकंप झाला. त्यानंतर पाहणीसाठी आलेला राजा बारावा आल्फोन्सो या कड्यावर उभा राहिला आणि हे नाव त्यानेच दिले, असे तिथे सांगतात. त्याचा पुतळा आज कठड्याशी उभा आहे.

मुक्कामाची निवड या कड्यापासूनच सुरू होते. गाव कड्यावर वसलेले आणि वाळू खाली, त्यामुळे गाव आणि समुद्र नकाशावर एकमेकांना चिकटलेले दिसले, तरी त्यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी उतार किंवा पायऱ्या आहेत.

ढोबळमानाने राहण्याच्या चार जागा. पहिली, सज्जाच्या आसपासची जुनी वस्ती. रस्ते बरेचसे सपाट, पुष्कळसे पादचाऱ्यांसाठी राखलेले, दुकाने व चर्च दारात. मात्र जवळच्या कालाओंदा आणि सालोन या चिमुकल्या पुळणींवर जायचे तर खाली उतरावे लागते. शिवाय स्पेनमध्ये रात्रीचे जेवणच नऊनंतर सुरू होते, तेव्हा चौकाकडे उघडणारी खिडकी म्हणजे मध्यरात्रीपर्यंत जागरण. दुसरी, पूर्वेची बुरियाना पुळण. ही गावातली मोठी व सोयीची, वाळूला लागूनच उपाहारगृहांची ओळ. पण तिथून गावात यायला चांगला खडा चढ. तिसरी, टेकडीच्या उतारावरच्या पांढऱ्या घरांच्या वसाहती. देखावा अप्रतिम, निवांतपणा भरपूर, पण मोटारीवाचून पान हलत नाही. चौथी, पश्चिमेची तोरेसिया व त्यापुढची प्लायासो. इकडे कडा संपत जातो आणि जमीन हळूहळू समुद्राच्या पातळीला येते. इमारती साध्या, सुट्टीच्या जाहिरातींत फारशा न झळकणाऱ्या.

मी निवड केली ती तिसऱ्या जागेची. महिनाभर रात्रीचा दवाखाना आटोपल्यावर छायाचित्रे न्याहाळत बसले होते. पांढरी गच्ची, लाल फुलांची बोगनवेल आणि चौकटभर निळा समुद्र! सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार मी केला नाही असे नाही. "घर कितव्या मजल्यावर?" असे मी विचारले होते. "तळमजला," असे उत्तर आले. ते खोटेही नव्हते. पण उतारावरच्या घरांत रस्ता वर असतो आणि घर खाली. मोटार थांबली तिथून आमच्या तळमजल्याच्या दारापर्यंत ६४ पायऱ्या होत्या. मजला विचारला, पायऱ्या विचारल्या नाहीत. इतिहास घेताना एकच प्रश्न राहून जावा आणि निदान चुकावे, तसे झाले.

जावयाने आणि ह्यांनी मिळून सासूबाईंना हात देऊन खाली उतरवले. बाबागाडी घडी करून खांद्यावर. पहिल्या दिवशी सर्वांनी देखाव्याचे कौतुक केले. दुसऱ्या दिवशी आम्ही बुरियानाला गेलो. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मला इथूनच छान दिसतो आहे." तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संध्याकाळी परतलो तर त्या गच्चीत खुर्चीवर बसलेल्या, सकाळी बसवल्या होत्या तशाच. समोर सारा भूमध्य समुद्र पसरलेला आणि त्यांची पाठ त्याच्याकडे. नातवालाही ताप नव्हता, दात येत नव्हते, तरी तो सारखा किरकिरत होता. दर वेळी कडेवर घेऊन चढउतार, मोकळे सोडावे तर पायऱ्यांची धास्ती.

रात्री मी आईंजवळ जाऊन बसले. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच मला जास्त लागले. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, खिडकीतून समुद्र बघायचा तर इंदूरला कॅलेंडरवर होताच की!"

दुसऱ्या दिवशी आम्ही घर बदलले. राहिलेल्या सात रात्रींचे भाडे परत मिळणार नव्हते. तो नियम आधीच लिहिलेला होता, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. ह्यांनी थोडी कुरकुर केली आणि मग मुकाट्याने बॅगा उचलल्या. नवे घर तोरेसियाच्या बाजूला, लिफ्ट असलेल्या इमारतीत. खिडकीतून दिसत होती समोरच्या घरातली वाळत घातलेली धुणी. समुद्र दिसत नव्हता, पण लिफ्टमधून बाहेर पडले की सपाट पदपथ आणि पाचेक मिनिटांत काठावरचे बाक.

पहिल्याच सकाळी सासूबाई काठी घेऊन एकट्या बाहेर पडल्या. आम्ही घाबरून शोधायला निघालो, तर त्या बाकावर दोन स्पॅनिश आजींच्या शेजारी बसलेल्या. भाषा एकाही पक्षाला कळत नव्हती. गुडघ्यांवर हात ठेवून तिघींचा संवाद मात्र उत्तम चालला होता. पुढे रोज सकाळी त्या तिथे जात. दुपारी दोन ते पाच गाव दारे मिटून विसावे, तेव्हा याही विसावत. एके दिवशी नातवाचे बोट धरून त्या वाळूत उतरल्या. मे महिन्यातले पाणी चांगलेच गार. दोघांनी एकदम पाय मागे घेतले, आणि पुन्हा पुढे केले. त्या दोघांची चाल अगदी सारखी होती, आखूड पावले, पाय थोडे फाकलेले, प्रत्येक उंचवट्यापाशी थांबणे. इतकी वर्षे मुले तपासून ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. चालायला शिकणाऱ्याला आणि चालणे थकलेल्याला एकच वाट सोयीची असते.

आपण मुलाला औषध देतो ते त्याच्या वजनाप्रमाणे, घरातल्या धडधाकट माणसाच्या नव्हे. मुक्कामाचेही तेच. सोबतच्या मंडळींत ज्याचे पाऊल सर्वांत अशक्त, त्याच्या मापाने घर घ्यावे. बाकीचे कुठूनही कुठेही जाऊ शकतात.

कुणी जाणार असाल, तर अनुभवाचे थोडे आणखी सांगते. मोटार थांबते तिथून पलंगापर्यंत पायऱ्या किती, हे आकड्यांत विचारावे. 'आसेन्सोर' म्हणजे लिफ्ट, हा शब्द जाहिरातीत शोधावा. शाकाहारी ज्येष्ठ बरोबर असतील तर स्वयंपाकघर असलेले घर बरे. मात्र शेगडी इंडक्शनची आहे का, हे आधी विचारावे, कारण आपला साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. आमचा वरणभात दोन दिवस पातेल्यातच शिजला. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधाचे दुकान, आणि आपत्कालीन दूरध्वनी ११२. गावात आरोग्यकेंद्र आहे, पण मोठे रुग्णालय बेलेस-मालागाकडे, मोटारीच्या वाटेवर. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. ज्येष्ठांच्या बाबतीत जुन्या आजारांविषयीची कलमे नीट वाचावीत. नेरहाची प्रसिद्ध गुहा जरूर पाहावी. वटवाघळांच्या मागावर गेलेल्या पाच तरुण मुलांना ती १९५९च्या जानेवारीत सापडली. परंतु आत पायऱ्या पुष्कळ आहेत, सासूबाई त्या दिवशी आपल्या बाकावरच रमल्या.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी त्या बाकावर बसलो होतो. मी माझ्या चुकीबद्दल पुन्हा काही बोलू लागले, तेव्हा त्यांनी समुद्रावरची नजर न काढता विचारले, "तुझा दवाखाना कितव्या मजल्यावर आहे गं?"

पहिल्या मजल्यावर. २२ पायऱ्या, लिफ्ट नाही. रस्त्यावरून पाटी ठळक दिसते म्हणून मी ती जागा घेतली, त्याला तेव्हा २४ वर्षे झाली होती. एका हातात तापलेले मूल, दुसऱ्या हातात पिशवी, कधी बाळंतपणाला महिनासुद्धा न झालेला, अशा स्थितीत किती आया त्या पायऱ्या चढून आल्या असतील! आजीने नातवाला आणले तर ती वर येऊन आधी पाच मिनिटे धापा टाकी, आणि मी आतून म्हणत असे, "पुढचा पेशंट पाठवा."

सासूबाई २०२४च्या थंडीत गेल्या. त्याआधी त्यांनी माझा नवा दवाखाना पाहिला. त्याच इमारतीत, मागच्या बाजूला, तळमजल्यावर. पाटी रस्त्यावरून दिसत नाही, विचारत यावे लागते. दाराशी उंबरठा नाही. काठी टेकत त्या आत आल्या, तपासणीच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता बरं झालं. पंखा लाव."